ज्याचं ठरलं नाही, त्याचा नंबर शेवटी

बाथरूममधून किंकाळी आली तेव्हा घरातलं कुणी जागचं हललं नाही. आईने डब्याचं झाकण लावलं, ताईने आरशात बघत भांग सरळ केला. किंकाळी रोजचीच होती. धाकटीच्या अंगावर थंड पाण्याची धार पडली की ती निघायची आणि मागोमाग दाराच्या फटीतून भाषण बाहेर यायचं.

"हा अन्याय आहे! गिझर आहे की शोभेची वस्तू? पोटची पोर आहे मी या घरात की वैरीण?"

"आटप लवकर," ताई बाहेरून म्हणाली. "माझा कंगवा राहिलाय आत."

अन्याय होता, यात शंकाच नाही. घरात माणसं चार, बाथरूम एक आणि गिझर एक, तोही आईबाबांच्या लग्नातला. त्याच्या पाण्याचा हिशेब ठरलेला. पहिल्याला कढत, दुसऱ्याला गरम, तिसऱ्याला कोमट आणि चौथ्याला नुसता आशीर्वाद. एकदा रिकामा झाला की तो दुपारपर्यंत रुसून बसायचा. दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एकदा त्याला आदराने हात लावला होता आणि "चालतोय तोवर चालवा" असं सांगून तो निघून गेला होता.

आंघोळीचे नंबर बाबांनी लावले होते. बाबा बस चालवायचे आणि डेपोतून सुटणारी दिवसाची पहिली गाडी त्यांचीच असायची. त्यामुळे नियमही त्यांचाच. ज्याचं काम लवकर, त्याचं पाणी आधी. पहिले बाबा. मग आई, कारण ती नर्स आणि हॉस्पिटलात तिची सकाळची पाळी. मग ताई, कारण ती एका वकिलांच्या हाताखाली काम करायची. आणि सगळ्यांच्या शेवटी धाकटी, जी कॉलेजात जायची.

आता गंमत बघा. धाकटीचा तास ताईच्या कोर्टाच्या आधी सुरू व्हायचा. धाकटी धावत जिना उतरायची तेव्हा ताई निवांत चहात बिस्किट बुडवत बसलेली असायची. तरी ताईचा नंबर आधी! धाकटीने हे बाबांच्या कानावर हजार वेळा घातलं होतं, आणि बाबांचं उत्तर हजार वेळा तेच होतं.

"अगं, कॉलेज म्हणजे काम नव्हे. कॉलेज म्हणजे स्टॉप. तुझी गाडी कुठे जाणार ते आधी सांग, मग नंबर देतो."

आणि नेमकं तेच धाकटीला सांगता येत नव्हतं. कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलं तरी तिचं ठरत नव्हतं. तिला इतिहास आवडायचा, संख्याशास्त्रही आवडायचं, मानसशास्त्राच्या तासाला तर ती घंटा झाली तरी उठायची नाही. तिन्ही आवडायची, पण जन्मभर एकच करायचं म्हटलं की उरलेली दोन डोळ्यांसमोर यायची. कॉलेजने मात्र सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी मुख्य विषय सांगायचा. ज्यांचं ठरलं नसेल त्यांनी पालकांना घेऊन विभागप्रमुखांसमोर उभं राहायचं, नाहीतर जिथे जागा रिकामी असेल तिथे कॉलेज ढकलणार. रिकाम्या जागा कुठे होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या विषयाच्या तासाला शिकवणारे सरसुद्धा पेंगायचे.

"माझं अजून ठरलं नाही," असं ती प्रामाणिकपणे सांगायची, आणि घरातले तिच्याकडे असे बघायचे जणू तिला ताप चढलाय. आईने तर एकदा कपाळाला हात लावूनही पाहिला.

"ताईचं बघ," बाबा म्हणायचे. "बारावीतच सांगून टाकलं, वकील होणार. आणि मी? तुझ्या वयाचा होतो तेव्हा स्टिअरिंग हातात होतं माझ्या. नीट विचार केला, मनाला विचारलं आणि ठरवलं. तू मनाला विचार!"

धाकटी मनाला विचारायची. मन म्हणायचं, मला काय विचारतेस, मी तुझ्याच बरोबर आहे. रात्री अंथरुणात पडल्यावर तिला वाटायचं की जन्मताना सगळ्यांच्या हातात काहीतरी चिठ्ठी दिलेली असणार आणि आपलीच तेवढी द्यायची राहिली.

त्या गुरुवारी ती दात वाजवत बाहेर आली आणि ताईवर घसरली. "तुझं कोर्ट माझ्यानंतर उघडतं! कुठल्या कायद्यात बसतं हे?"

"नंबर कामाचा असतो बाई," ताई बिस्किट बुडवत म्हणाली. ताईला वाद घालायचा नसायचा, फक्त जिंकायचा असायचा. "मला तर बारावीतच मिळाला. वकील होणार म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिसरा नंबर. बाबाच म्हणाले, आतापासून सवय लागू दे."

धाकटी टॉवेल डोक्याला गुंडाळत होती, ती तशीच थांबली. म्हणजे नोकरी लागायला नको होती. पदवी नको, पगार नको. नुसतं तोंडाने म्हणायचं! दोन वर्षं ती उगाच खरं बोलून गारठत होती. संताप तर असा आला की त्या दिवशी संख्याशास्त्राच्या तासाला तिने एक आकडासुद्धा उतरवून घेतला नाही. वहीच्या मागच्या पानावर ती एकच गोष्ट शोधत बसली. बाबांच्या पहिल्या गाडीच्या आधी कुठलं काम सुरू होतं?

रात्री जेवताना तिने जाहीर केलं. "माझं ठरलं."

आईचा चमचा हवेतच राहिला. बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी बेकर होणार."

बाबांचे डोळे भरून आले. "बघ," ते आईला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, पोरगी मनाला विचारतेय म्हणून? अगं, कष्टाचं काम आहे. इमानाचं काम आहे!"

"पण बेकरचं काम सुरू कधी होतं हो बाबा?" धाकटीने अगदी सहज विचारलं.

"पहाटे! मी डेपोत पोचतो तोवर आपल्या बेकरीवाल्याचा पहिला पाव भट्टीतून बाहेर आलेला असतो!" बाबा अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे तुमच्या आधी."

बाबांच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरला. ताईचा घास घशात अडकला.

"नियम तुमचाच आहे," धाकटी म्हणाली. "आतापासून सवय लागू दे."

आपलेच शब्द आपल्या गळ्यात, अशी बाबांची गत झाली. पण दिलेला नियम मोडणारे ते नव्हते. त्यांनी मुकाट्याने नंबर बदलले. आणि जेवण झाल्यावर, मुलीचं भलं व्हावं म्हणून, आपल्या बेकरीवाल्या दोस्ताला फोन लावला. हे मात्र धाकटीने गृहीत धरलं नव्हतं.

"पाठव की!" पलीकडून आवाज आला. "उद्याच पाठव. शिकणारं माणूस कुठे मिळतं आजकाल!"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धाकटी शॉवरखाली उभी राहिली आणि तिला स्वर्ग म्हणजे काय ते कळलं. कढत पाणी! खांद्यावरून, पाठीवरून, हवं तेवढं. आरशावर वाफ धरली. तिने दोन गाणी पूर्ण म्हटली आणि तिसरं सुरू केलं. बाहेर बाबा टॉवेल खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होते आणि दर गाण्याला दार वाजवत होते.

"अगं, माझी गाडी आहे!"

"माझी भट्टी आहे!" आतून उत्तर आलं.

तशी लाल, टवटवीत होऊन ती बेकरीत पोचली, आणि पाच मिनिटांत तिचा घाम निघाला. भट्टीसमोर उभं राहायचं, पिठाच्या गोण्या ओढायच्या, कणीक तिंबायची. केसांत पीठ, भुवयांवर पीठ, कानात पीठ. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ज्या गरम पाण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते पाणी अंगावर वाळलं नव्हतं तोवर वर घामाचा थर चढला.

बेकरीवाले काका तिच्याकडे चमकून बघत होते. "आंघोळ करून आलीस की काय?"

"हो."

"वेडी की खुळी! भट्टीवर कुणी आंघोळ करून येतं होय? आधी काम, घरी गेल्यावर आंघोळ. आमच्यात सगळे तसंच करतात."

घरी गेल्यावर! घरी गेल्यावर गिझरमध्ये काय असणार होतं हे धाकटीला जगात सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. ती पिठाने माखलेली जिना चढली आणि दारातच तिला बाथरूममधून किंकाळी ऐकू आली. या खेपेला ताईची. ताईची पट्टी धाकटीपेक्षा वरची होती. धाकटीला क्षणभर फार बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की ताईच्या नंतर आपल्यालाच त्याच पाण्याने पीठ धुवायचंय, आणि पीठ थंड पाण्याने जात नाही, त्याची कणीक होते.

शनिवारी तेच झालं, फक्त जास्त. ताईने आईच्या आधी घुसायचा प्रयत्न केला. आई हॉस्पिटलात कोमट अंगाने गेली आणि दिवसभर सगळ्यांवर करवादली. बाबांची तर पहिली गाडी उशिरा सुटली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. स्टॉपवर थांबलेली माणसं घड्याळं दाखवत चढली आणि कंट्रोलरने सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, झोप लागली होती का?" बाबांनी हा शब्द मनात धरून ठेवला आणि संध्याकाळी घरी येताना जिन्यातच बोलायला सुरुवात केली.

रविवारी संध्याकाळी ताईने प्रकरण सुनावणीला घेतलं. सगळे टेबलाभोवती बसले. नेमके त्याच वेळी बेकरीवाले काकाही आले, हातात धाकटीने केलेला पाव घेऊन. पाव एका बाजूला फुगला होता आणि दुसऱ्या बाजूला त्याने बसकण मारली होती.

"पोरगी कामाला वाईट नाही," काका कौतुकाने म्हणाले. "पण रोज आंघोळ करून येते. सांगून दमलो. बेकर माणूस आंघोळ मागाहून करतो, हे तिच्या डोक्यातच शिरत नाही."

ताईला आयता साक्षीदार मिळाला. ती उठून उभीच राहिली. "ऐकलंत? बेकर आंघोळ मागाहून करतात! मग हिला पहिला नंबर कशाला हवा? हिला बेकर व्हायचंच नाहीये! खरं सांग, बेकरीच का निवडलीस?"

धाकटी दोन दिवसांची जागरणं, कानातलं पीठ आणि उद्याचा सोमवार घेऊन बसली होती. तिच्याने खोटं बोलवेना.

"पहिल्या पाण्यासाठी!" ती ओरडली. "गरम पाण्यासाठी! झालं समाधान?"

बाबा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "गरम पाण्यासाठी? जन्माचं काम, आणि आंघोळीच्या पाण्यावरून ठरवलंस? अरे, लाज वाटायला हवी! काम असं ठरवतात का कुणी? हे बघ, हे बसलेत ना समोर, भट्टीपुढे आयुष्य काढलंय यांनी. विचार त्यांना, का निवडलं हे काम! सांगा हो तिला!"

बेकरीवाले काका गडबडले. त्यांनी पाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मला थंडी फार वाजते," ते म्हणाले. "लहानपणापासून. भट्टीपाशी ऊब असते, म्हणून शिरलो."

आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग तिने पदर तोंडाला लावला तरी आवरेना.

"अहो, सांगा ना तिला," ती बाबांना म्हणाली. "तुमचंही सांगा."

"काय सांगा? मी विचार करून..."

"यांच्या घरी आठ माणसं होती," आईने धाकटीकडे वळून सांगितलं. "पाणी तापवायला एकच पातेलं. हे सगळ्यांत लहान, म्हणून शेवटी. मग यांनी शोधून काढलं की पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळ्यांच्या आधी उठावं लागतं. लग्न ठरलं तेव्हा यांनी स्वतः सांगितलंय मला!"

दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! धाकटी बाबांकडे बघतच राहिली. बाबा छताकडे बघत होते.

"नंतर आवडलं," बाबा बारीक आवाजात म्हणाले. "गाडी चालवणं. नंतर फार आवडलं."

"आणि तू ग आई? तू तर दहावीतच ठरवलं होतंस."

आईचं हसू थांबलं. तिने पदर नीट केला. "आम्ही चौघी बहिणी, कपाट एक. माझं म्हणून एक कपडा नसायचा. नर्सला युनिफॉर्म मिळतो. तो कुणी पळवत नाही."

सगळ्यांच्या नजरा आता ताईकडे गेल्या. ताई वकील होती, तिने आधीच दाराकडे सरकायला सुरुवात केली होती.

"कोर्ट उशिरा उघडतं," ती म्हणाली. "मला सकाळी उठवत नाही. यात गुन्हा काय आहे?"

काका हसले, आईही पुन्हा हसली, बाबासुद्धा ओशाळून हसले. धाकटी मात्र हसली नाही. तिला जो राग आला तो गेल्या दोन दिवसांचा नव्हता, दोन वर्षांचा होता.

"हसताय काय?" ती म्हणाली. "वर्षानुवर्षं मला ऐकवताय, मनाला विचार, ताईचं बघ, आमचं बघ! मला वाटायचं सगळ्या जगाला कळलंय आणि मी एकटीच मठ्ठ आहे. रात्र रात्र झोप नव्हती मला. आणि तुम्ही? एक पातेलं, एक कपाट, एक झोप! मी निदान विचार तरी करत होते!"

ती रडायला लागली, आणि रडताना भुवयांवर राहिलेलं पीठ डोळ्यांत गेलं म्हणून जास्तच रडायला लागली. आई तिच्याजवळ जाऊन बसली. काकांनी पाव हळूच टेबलावर ठेवला आणि ते पाय न वाजवता निघून गेले. बाबांनी पावाचा फुगलेला तुकडा तोडून तिच्यापुढे ठेवला.

"गरम पाण्याचं म्हणशील," शेवटी ते म्हणाले, "तर ते चुकीचं कारण नाही. फक्त माझा नंबर परत दे."

सोमवारी सकाळी बाबा पहिल्या नंबरला आंघोळ करून डेपोत गेले. दुसरा नंबर आईचा राहिला. तिसऱ्यासाठी बाबांनी रात्रीच निकाल दिला होता, जो आधी घराबाहेर पडतो त्याचा तिसरा. ताईने अपील केलं, ते फेटाळण्यात आलं. पहिल्या फेऱ्या उरकल्यावर बाबा अर्धी रजा टाकून, गणवेशातच, धाकटीबरोबर कॉलेजात गेले.

विभागप्रमुखांच्या खोलीत पुस्तकं छतापर्यंत होती आणि खुर्च्या दोनच. सर चष्म्यावरून बघत होते.

"तुमच्या मुलीचं काय करायचं, सांगा," ते म्हणाले. "सगळ्या वर्गाचं ठरलंय. हिचंच तेवढं नाही. या वयात माणसाला आपल्याला काय हवंय ते कळायला नको? तुम्ही घरी काही बोलता की नाही तिच्याशी?"

धाकटीने मान खाली घातली. आता बाबा म्हणणार, मी तर सांगून थकलो. ती वाट बघत होती.

"बोलतो की," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बसमध्ये मागच्या माणसाला पुढे सरकायला सांगताना यायचा तसा होता. "आणि तुम्ही हिला दटावू नका. अहो, आमच्या घरात कुणी काही विचार करून ठरवलं नाही. मी नाही, हिच्या आईने नाही, हिच्या वकील बहिणीने तर मुळीच नाही. सगळ्या घरात पहिल्यांदा कुणीतरी विचार करतंय, आणि तुम्ही तिला सोमवारपर्यंत मुदत देता? हिला अजून वेळ हवा. सहा महिने द्या."

"अहो, असं कसं? प्रत्येकाने असा वेळ मागितला तर कॉलेज चालेल का?" सर तापले. "आम्हीही या वयातून गेलोय. आम्ही ठरवलंच ना?"

"हां, ते विचारायचंच होतं," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "सर, तुम्ही तुमचा विषय का घेतलात?"

सरांनी तोंड उघडलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. ते काहीतरी आठवत होते आणि आठवलेलं त्यांना सांगवत नव्हतं, हे धाकटीला स्पष्ट दिसलं. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

"दार जरा लावता का?" ते म्हणाले.

धाकटीने उठून दार लावलं.

"सहा महिने पुरतील ना हिला?" सरांनी विचारलं.